ताप गेला, जर उरला

१. ओसरीवरचा प्रश्न

तापीकाठच्या एका गावी, चैत्राचे ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत येऊन ठेपले असताना, चार दिवस तापाने अंथरुणास खिळलेला पंधरा-सोळा वर्षांचा नातू प्रथमच उठून बसला, आणि त्याच्या खालच्या ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका पाहून त्याच्या आजीने समाधानाने मान हलवीत म्हटले, "जर मुतला. आता ताप गेला समज." त्या क्रियापदाचे नातवाला हसू आले, हसताना ओठ ताणला जाऊन ठणकला, आणि ओठावर बोट ठेवून त्याने जे विचारले ते आपणापैकी बहुतेकांनी लहानपणी कधीतरी विचारलेलेच असते : "पण आजी, अख्ख्या अंगातला ताप एवढ्याशा ओठातून बाहेर पडतो तरी कसा?"

या वाक्प्रचाराला सभ्य मंडळींनी नाक मुरडावे, हे ठीकच. परंतु त्यामागचे निरीक्षण टाकाऊ नाही. संस्कृतातल्या ज्वराचा घरगुती 'जर' झाला आणि रोगाचे नाव त्याच्या खुणेला चिकटले, ते ही खूण तापाच्या पाठोपाठ उमटताना पिढ्यान् पिढ्या पाहिल्यामुळेच. गोवरासंबंधीही आपल्या घरांतून असेच म्हणतात, की तो एकदा पुरता 'बाहेर पडला' की पोर सुटले. रोग म्हणजे घरात शिरलेला आगंतुक, आणि अंगावरचे फोड म्हणजे तो चालता झाल्याची पावले, अशी ही एकंदर कल्पना होय. आजीचे निरीक्षण खरे आहे आणि अनुमान मात्र नेमके उलटे आहे. ओठावर दिसतो तो बाहेर निघालेला पाहुणा नव्हे. तो घरातच कायमचा राहणारा इसम आहे, आणि ताप ही त्याला ओसरीवर येऊन बसण्याची एक संधी झाली, इतकेच.

२. बनावट हुकूम

हे समजण्यासाठी विषाणू म्हणजे काय, एवढे आधी पाहिले पाहिजे. जीवाणू हा स्वतःचा संसार स्वतः चालविणारा, खाणारा, वाढणारा, एकाचे दोन होणारा सूक्ष्म जीव आहे. विषाणूला संसार नाही. अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या एखाद्या गिरणीत कोणी परका मनुष्य मालकाच्या सहीचा बनावट हुकूम घेऊन शिरला, आणि मुकादमाने तो खरा मानून सारे माग त्या परक्याच्याच मालाला लावले, तर जे होईल ते पेशीत विषाणू शिरल्यावर होते. विषाणू म्हणजे वेष्टनात गुंडाळलेला तो हुकूम. पेशीचे माग त्याच्या नकला विणीत बसतात, आणि शेवटी गिरणी मोडून त्या नकला शेजारच्या गिरण्यांवर चाल करून जातात. मोडलेल्या पेशींच्या जागी जी पोकळी होते, तीत पाझर साचला की तो फोड. फोडाचे छत गेले की तो व्रण.

तोंडाचे अस्तर ओले, पातळ आणि सतत नवे होणारे असल्याने तेथे फोड फार काळ टिकत नाही आणि आई-बापांच्या नजरेस बहुधा व्रणच पडतो. शिवाय तोंड ही शरीराची वेस. आत जाणारा आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण तेथून जातो, म्हणून पुष्कळ विषाणूंच्या आजारांची पहिली वर्दी अंगावर नव्हे, तोंडात मिळते. देवीच्या रोगाचे पुरळ कातडीवर दिसण्यापूर्वी घशात आणि तोंडात उठत असे, व त्या व्रणांतून लाळेत उतरणारा विषाणूच रोग पसरवीत असे. भारतातून १९७५ साली देवी गेल्या. वेशीचा नियम मात्र इतर रोगांना आजही लागू आहे.

३. पहिली भेट

ओठावर जर उठविणाऱ्या विषाणूचे नाव हर्पिस सिम्प्लेक्स, पहिला प्रकार. पन्नाशीच्या आतल्या जगातील सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात तो आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेकांना तो बालपणीच, कोणा मोठ्या माणसाच्या लाळेतून, पुष्कळदा प्रेमाने घेतलेल्या मुक्यातून मिळालेला असतो. अनेक मुलांत ही पहिली भेट कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु काही मुलांत, विशेषतः सहा महिने ते पाच वर्षे या वयात, आणि बालपणी सुटलेल्या काही तरुणांतही, ती चांगलीच गाजते. कडक ताप येतो, हिरड्या लालभडक होऊन सुजतात व नुसत्या स्पर्शाने रक्ताळतात, जीभ, टाळू आणि ओठ बारीक व्रणांनी भरून जातात, हनुवटीवरून लाळ गळते आणि पोर अन्नाकडे पाहून तोंड फिरविते. दहा ते चौदा दिवसांत हे सारे आपोआप भरून येते, वण राहत नाही.

मग भय कशाचे? भय व्रणांचे नसून पाण्याचे आहे. गिळताना दुखते म्हणून मूल पीत नाही, आणि ज्या मुलखात वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेथे न पिणारे मूल दोन दिवसांत कोमेजते. हिशोब करून पाहू. मुलाच्या वजनाच्या पहिल्या १० किलोंना दर किलोमागे १०० मिलिलिटर आणि त्यापुढच्या १० किलोंना दर किलोमागे ५० मिलिलिटर पाणी दिवसाला लागते, असा बालरोगतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणजे १२ किलोच्या मुलास १,००० अधिक १००, एकूण १,१०० मिलिलिटर. तापात याहून अधिक. चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावतात, तेव्हा हे झाले २२० चमचे. आणि मूल दिवसाचे १४ तास जागे असते असे धरले तर दर चार मिनिटांना एक चमचा. तोंड दुखणाऱ्या पोरापुढे पेलाभर पाणी धरून "पी बरं" म्हणणाऱ्या आईची निराशा का होते, आणि चमचा-चमचा पाजीत मांडीवर घेऊन बसणारी मावशी का जिंकते, याचे उत्तर या भागाकारात आहे.

पाजायचे ते थंड आणि बेचव असावे : गार दूध, भाताची पेज, साखर-मिठाचे पाणी. ठेचा, शेवभाजी, वांग्याचे भरीत, लिंबू-सरबत ही या मुलखाची सारी भूषणे त्या दिवसांत वर्ज्य. उलट ज्या केळीने जळगावचे नाव देशभर केले, आणि जिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, ती कुस्करून दुधात कालवली की आंबट नाही, तिखट नाही, चावावे लागत नाही, आणि पोटालाही आधार होतो. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडले, तर मात्र चमचा खाली ठेवून दवाखाना गाठावा. पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांनी विषाणूविरोधी औषध सुरू केले तर दुखण्याची मुदत घटते. नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा या विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही.

४. मज्जातंतूतले कूळ

व्रण भरले, मूल खेळू लागले. विषाणू गेला काय? येथेच हा विषाणू इतरांहून वेगळा पडतो. तोंडातल्या व्रणांजवळच्या मज्जातंतूंच्या टोकांतून तो आत शिरतो आणि त्या तंतूच्या आधाराने मागे मागे सरकत कवटीच्या आत, चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या तीन फाट्यांच्या मज्जातंतूची जी गाठ आहे, तेथे जाऊन मुक्काम करतो. तेथे तो नकला काढीत नाही, पेशी मोडीत नाही, नुसता पडून राहतो. अर्नेस्ट गुडपाश्चर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२९ साली हे अनुमान मांडले. पुढे १९७१ साली उंदरांच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो खरोखरच निजलेला सापडला.

कुळकायद्यानंतर ज्या जमीनदारांना आपल्याच शेतात पाऊल टाकताना कुळाकडे पाहून चालावे लागले, त्यांना हा प्रकार चटकन समजेल. शरीराचे पहारेकरी या कुळाला बेदखल करू शकत नाहीत, कारण त्याला हुसकायचे तर मज्जापेशीच मारावी लागेल, आणि ती पुन्हा उगवत नाही. म्हणून ते त्याच्या दारात बसून राहतात. पहारा ढिला पडला, म्हणजे दुसराच एखादा ताप आला, परीक्षेचे जागरण झाले, मुलींची पाळी आली, दात काढताना ओठ ताणला गेला, की कूळ उठते आणि ज्या तंतूने आत गेले त्याच तंतूने पुन्हा ओठाकडे येते. ओठावर प्रथम मुंग्या येतात किंवा चुरचुरते, एका दिवसात फोड, मग खपली, आणि आठवड्या-दहा दिवसांत सारे साफ. दर वेळी जर जवळजवळ त्याच जागी का उठतो, हे कोडेही येथेच सुटते : वाट तीच, म्हणून दारही तेच.

तेव्हा नातवाच्या प्रश्नाचे उत्तर असे, की ताप ओठातून बाहेर पडला नाही. ताप येऊन गेला मलेरियाचा, इन्फ्लुएन्झाचा किंवा आणखी कशाचा, आणि त्या धामधुमीत पहारा हलला म्हणून जुने कूळ ओसरीवर आले. जर उठला म्हणून ताप गेला, असे मानून औषध थांबविणे अंगाशी येऊ शकते. मलेरियातही जर उठतो, आणि मलेरिया तेथेच असतो.

खानदेशात आणखी एक कारण जोडावे लागते, ते उन्हाचे. 'उष्णतेने तोंड आले' असे सर्रास म्हणतात, आणि उष्णता म्हणजे पोटातली उष्णता समजून सब्जा, गुलकंद, जिरेपाणी यांची रीघ लागते. जराच्या बाबतीत उन्हाचा संबंध खरा आहे, पण तो तापमानाशी नसून प्रकाशाशी आहे. उन्हातील जंबुपार किरण ओठाच्या कातडीला दुखवितात आणि तिचा स्थानिक पहारा काही काळ दुबळा करतात. म्हणून गार पाणी प्यायल्याने जर टळत नाही, परंतु केळीच्या बागेत किंवा मोटरसायकलवर तोंडाभोवती गुंडाळलेल्या उपरण्याने, ओढणीने टळू शकतो. आमच्याकडच्या मुली उन्हाळ्यात डोळे तेवढे उघडे ठेवून चेहरा बांधून घेतात, त्याची थट्टा करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

या कुळावर जे औषध चालते, त्या असायक्लोव्हिरची करामत सांगण्यासारखी आहे. गर्ट्रूड एलियन या विदुषीच्या प्रयोगशाळेतून ते निघाले, आणि १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकाने तिच्या एकंदर कार्याचा गौरव झाला. हे औषध शरीरात कोऱ्या दस्तासारखे फिरते. विषाणू नकला काढू लागला की त्याचेच एक विकर त्या दस्तावर पहिला शिक्का मारते, आणि शिक्का बसताच तो दस्त विषाणूच्या नकलांचा दोरा तोडतो. निरोगी पेशीजवळ हा शिक्का नाही, म्हणून तिला फारशी इजा नाही; आणि निजलेला विषाणू शिक्का उचलीतच नाही, म्हणून औषधाने कूळ कायमचे हलत नाही.

एक सूचना मात्र ठासून द्यावीशी वाटते. ज्याच्या ओठावर जर आहे, त्या मामा-मावशीने खपली पडून कातडी नवी येईपर्यंत तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये. मोठ्यांच्या ओठावरची ही क्षुल्लक बाब नवजात अर्भकाच्या जिवावर बेतू शकते.

५. 'तोंड येणे' एक नव्हे

मराठीत 'तोंड आले' या दोन शब्दांत इतके भिन्न आजार कोंबलेले आहेत, की सुश्रुताने हळहळ व्यक्त केली असती. त्याने ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख अशा सात ठिकाणांचे मिळून ६५ मुखरोग मोजले होते. महाविद्यालयीन मुलामुलींना वरचेवर येणारे, गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या मऊ भागावर उठणारे, पिवळट तळाचे आणि लाल कडेचे गोल व्रण हे जर नव्हेत. त्यांत विषाणू नाही, ते कोणाला लागत नाहीत, आणि त्यांच्या मागे कधी दाताची टोचणी, कधी मनाचा ताण, कधी लोह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असते. ढोबळ खूण अशी : वारंवार येणारा जर ओठाच्या बाहेरच्या कडेला, हिरडीवर किंवा कडक टाळूवर उठतो, दुसरे व्रण बोटाने हलणाऱ्या मऊ अस्तरावर. आणि तीन आठवड्यांत जो व्रण भरत नाही, तो दोहोंपैकी नाही असे समजून दंतवैद्यांकडे जावे; तंबाखू चघळणाऱ्या तरुणाने तर नक्कीच.

६. दुसऱ्या दाढेसमोरची जागा

जीभ गालाच्या आतून वरच्या दाढांसमोर फिरवली तर एका ठिकाणी बारीकशी उंचवटी लागते. आरशात ती तांबूस दाण्यासारखी दिसते. कानापुढच्या लाळग्रंथीची नळी येथे उघडते. नील्स स्टेन्सेन नावाच्या बावीस वर्षांच्या डॅनिश विद्यार्थ्याने १६६० साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये मेंढीचे मुंडके चिरताना ती शोधली. तोंडातली ही एवढीशी जागा दोन आजारांची चावडी आहे.

पहिला गोवर. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ साली दाखवून दिले, की अंगावर पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधी, नुसता ताप, खोकला आणि पाणावलेले लाल डोळे असताना, या दाढांसमोरच्या गालावर निळसर पांढरे ठिपके दिसतात. शेंगदाण्याच्या लाल चटणीवर मिठाची कणी भुरभुरावी, तसे. पुरळ उठेपर्यंत ते मावळू लागतात, म्हणून ज्याने वेळेवर बॅटरीचा उजेड गालात टाकला त्यालाच ते दिसतात. आणि तेव्हा समजले तर मूल शाळेत पन्नास पोरांना गोवर देण्यापूर्वीच वेगळे ठेवता येते. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत आणि धुळ्याच्या वाटेवरील मालेगावात गोवराची साथ उसळली, तेव्हा हे जुने ज्ञान पुन्हा उपयोगी पडण्याजोगे होते. गोवर तोंडाला केवळ खूण करून सोडत नाही. आधीच कृश असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती तो काही महिने खिळखिळी करतो, तोंडात व्रण आणि बुरशी माजते, आणि जगातल्या अत्यंत दरिद्री भागांत हिरडीपासून सुरू होऊन गालच खाऊन टाकणारा 'नोमा' नावाचा कोथ त्याच्या मागून येतो. त्या रोगाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात उपेक्षित रोगांच्या यादीत घेतले. म्हणून गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाची मात्रा लागोपाठ दोन दिवस देतात. वर्षावरील मुलास प्रत्येक वेळी दोन लाख एकके. सातपुड्याच्या पायथ्याशी, जेथे मुलांची वजने आधीच कमी असतात, तेथे ही मात्रा औषधाइतकीच मोलाची आहे. आणि गोवर 'बाहेर पडावा' म्हणून आजाऱ्याला दारे-खिडक्या लावून, खाणेपिणे तोडून ठेवण्याची वहिवाट, तिच्यामागे कितीही माया असली तरी, घातकच म्हटली पाहिजे.

दुसरा आजार गालगुंड, अर्थात गालफुगी. येथे ग्रंथीच सुजते, कानाची पाळी वर उचलली जाते, आणि त्या दाढेसमोरचे नळीचे तोंड लाल होऊन फुगते. चिंचेचे बोटूक तोंडात घालताच रुग्ण कळवळतो, कारण आंबटाने ग्रंथी लाळ पिळू पाहते आणि सुजलेल्या नळीतून ती सुटत नाही. तारुण्यात आलेल्या मुलांत गालगुंड अंडकोशात उतरू शकते, क्वचित एका कानाचे ऐकणे जाते. राष्ट्रीय लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. ती हवी तर बालरोगतज्ज्ञांकडे पदरमोड करून घ्यावी लागते.

पावसाळ्यात बालवाड्यांतून हात, पाय आणि तोंड यांवर एकदमच फोड उठविणारा आजार फिरतो. त्याच्या विषाणूंपैकी काहींना हडसन नदीकाठच्या कॉक्सॅकी या गावाचे नाव मिळाले आहे. आठवडाभरात तो बरा होतो; काळजी पुन्हा पाण्याचीच.

७. हळूहळू बोलणारा विषाणू

आतापर्यंतचे आजार आठवड्या-पंधरवड्याचे. एचआयव्ही वर्षानुवर्षे चालतो, आणि जन्मतःच तो मिळालेली, औषधांच्या बळावर वाढून आज विशी-पंचविशीत आलेली मुले-मुली महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत औषधोपचार सुरू केला नसता तर यांतील बहुतेकांची नावे केवळ दप्तरात उरली असती. त्यांच्या तोंडाची कहाणी निराळी आहे. उपचार नसेल, किंवा मध्येच सुटला असेल, तर जिभेवर आणि टाळूवर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर येतो, तो पुसला तर निघतो आणि खाली लाल भाग दिसतो. ही बुरशी. न निघणारा, जिभेच्या कडेला उभ्या सुरकुत्यांसारखा थर दुसऱ्याच एका विषाणूचा. दोन्ही कानांपुढे गालगुंडासारखी सूज येते, पण ती दुखत नाही आणि महिनोन् महिने राहते. ही चिन्हे पाहून एखाद्या दंतवैद्याने रक्त तपासण्यास सुचविले, आणि मूल वाचले, असे घडू शकते. म्हणूनच मी त्यांचे वर्णन इतके सविस्तर करीत आहे.

औषध नियमित असले की हे थर ओसरतात. राहतो तो कीड लागण्याचा प्रश्न. या मुलांत दात किडण्याचे प्रमाण अधिक आढळते, आणि त्याची कारणे बरीचशी घरगुती आहेत : लाळग्रंथी दुबळ्या झाल्याने तोंड कोरडे, लहानपणी वर्षानुवर्षे पाजलेली गोड पातळ औषधे, आणि तीही पुष्कळदा रात्री निजताना. लाळ म्हणजे दातांवरून वाहणारा पाट. पाट आटला की साखर जागच्या जागी आंबून आम्ल होते. रात्रीच्या औषधानंतर दोन घोट पाणी आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे, एवढ्याने बरेच नुकसान टळते. दात दाखवायला जाताना आपला रोग सांगण्याची भीती मात्र अजून फार आहे. २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही आहे एवढ्यावरून उपचार नाकारणे बेकायदा ठरविले, ही माहिती या तरुणांच्या खिशात औषधाच्या पुडीइतकीच असावी.

८. दातावरची रेघ

शेवटी पुन्हा त्या ओसरीवर जाऊ. जर सुकल्यावर नातू धुळ्याला दात दाखवायला गेला, कारण वरच्या पुढच्या दोन्ही दातांवर, मधोमध, आडवी खोलगट रेघ होती आणि मित्र तिची टिंगल करीत. कायमच्या दाताचे कवच हिरडीच्या आत, मूल रांगत-चालत असतानाच घडत असते. ते घडविणाऱ्या पेशींचे काम संपले की त्या नाहीशा होतात, आणि मागून डागडुजी करायला कोणी उरत नाही. पाते लागताना पावसाने ओढ दिली तर कपाशीच्या त्या थरात बोंडे विरळ दिसतात, वर-खाली मात्र झाड भरलेले. तसाच एखादा दीर्घ कडक ताप, गोवर, कांजिण्या किंवा लांबलेले अतिसाराचे दुखणे त्या वेळी चालू असलेल्या थरावर उणीव ठेवून जाते. वरचे पुढचे मधले दात तीन-चार महिन्यांच्या वयापासून चार-पाच वर्षांपर्यंत घडतात, तेव्हा मधोमध असलेली रेघ साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमाराची. एका रेघेवरून अमुक एका रोगावर आरोप ठेवणे, पंचनामा न करता फिर्याद नोंदविण्यासारखे आहे, म्हणून दंतवैद्यांनी रेघ दातरंगी लेपाने भरून देण्यापूर्वी सोबत आलेल्या आजीला विचारले, "दोन-अडीच वर्षांचा असताना हा फार आजारी होता का?"

आजीला साल आठवेना. मग बोटे मोडीत ती म्हणाली, "धाकट्या लेकीच्या लग्नाच्या मांडवात याला गोवर निघाला होता. वीस दिवस पोरगं मांडीवरून खाली उतरलं नाही."